कन्नड शब्द पाठ करायचा नसतो, सोडवायचा असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पानावर एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांची मुलगी मराठी माध्यमात आठवीला आहे, गणितात हुशार आहे, पण कन्नडची वही उघडली की रडायला लागते. कन्नडचे शब्द संपता संपत नाहीत, एवढं लेकरांनी पाठ तरी कसं करायचं, असं त्यांनी विचारलं आहे. त्यांच्याशी वाद घालायला मी लिहीत नाही. त्या मुलीकडून जे पाठ करून घेतलं जातंय ते मुळात पाठ करायचं नसतंच, एवढंच सांगायचं आहे. नीट सांगायला थोडी जागा लागेल, ती द्यावी ही विनंती.

मी खानापूरला बाँड रायटरचं, म्हणजे लोकांचे दस्त आणि अर्ज लिहून देण्याचं काम करते. वडीलही हेच करायचे. उतारे, नोटिसा, वारसाचे अर्ज, खरेदीखतं असे कन्नड कागद दिवसभर हाताखालून जातात आणि समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा मराठी असतो. नंदगडचा, जांबोटीचा, गर्लगुंजीचा. कागद पुढे सरकवून म्हणतो, 'ताई, यात काय घातलंय बघा की.' आमच्या घरची भाषा मराठीच. वडिलांनी मला कन्नड शिकवलं ते शिसपेन्सिलीने शब्दांत उभ्या रेघा मारून. पुढे धारवाडच्या विद्यापीठातून बी. ए. करताना भाषाविज्ञानाचा पेपर होता, तेव्हा कळलं की वडील ज्या रेघा मारत होते त्यावर जगभर ग्रंथ लिहिले गेले आहेत.

बसपासूनच सुरुवात करते. आमच्या बसमध्ये पुढच्या बाकांवर 'महिळेयरिगे' लिहिलेलं असतं. मुलीला हा शब्द अख्खा पाठ करायला दिला, तर तो सहा अक्षरांचा गोळा. रेघा मारल्या की महिळे, यर्, इगे. महिळे म्हणजे महिला. अर् हे माणसांचं अनेकवचन, आणि त्याआधीचा य् दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आलेला. इगे म्हणजे 'ला' किंवा 'साठी'. झालं, 'महिलांसाठी'. जवळच्या बाकावर 'हिरिय नागरिकरिगे' असतं, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी. तिथेही तेच अर्, तेच इगे. खिडकीशी लिहिलेलं असतं, 'तले मत्तु कैगळन्नु होरगे हाकबेडि', म्हणजे डोकं आणि हात बाहेर घालू नका. कै म्हणजे हात, गळ् म्हणजे अनेक, अन्नु म्हणजे ज्याच्यावर क्रिया होते ते. हाक म्हणजे घाल, आणि बेडि म्हणजे नका. एकट्याला, बरोबरीच्याला सांगताना बेड, वडीलधाऱ्याला किंवा अनेकांना बेडि. मराठीत नको आणि नका, तसंच. ड्रायव्हरच्या मागे 'धूमपान निषेधिसलागिदे'. हा शब्द बघून मोठी माणसंही दचकतात. पण यातला निषेध आपल्याच ओळखीचा. इसु लावला की नामाचं क्रियापद होतं, निषेधिसु म्हणजे मनाई करणे. मग अल्, आपल्या 'करण्यात'मधल्या 'ण्यात'च्या जागचं, मग आगि म्हणजे होऊन, आणि शेवटी इदे म्हणजे आहे. 'मनाई करण्यात आली आहे.' मराठीत ज्याला चार शब्द लागतात ते कन्नड एका शब्दात सांगते, पण तुकडे तितकेच, आणि क्रमही जवळजवळ तोच.

अशा भाषांना भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत अश्लिष्ट योगात्मक म्हणतात. नाव बोजड आहे, अर्थ साधा आहे. शब्दाला प्रत्यय जोडत जायचे, प्रत्येक प्रत्ययाचं काम एकच, आणि जोडल्यावरही प्रत्येकजण आपापल्या जागी ओळखू येतो. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम अशा, आणि त्यांच्याशी काही नातं नसलेल्या तुर्की, फिनिश, हंगेरियन, जपानी, स्वाहिली याही अशाच. संस्कृतची घडण वेगळी. गृहे म्हणजे घरात, गृहेषु म्हणजे अनेक घरांत. गृहेषु मधलं अनेकवचन कुठलं आणि 'आत' कुठलं, हे बोट ठेवून दाखवता येत नाही, दोन्ही एकमेकांत विरघळलेली. म्हणून संस्कृतला एकवचन, द्विवचन, बहुवचन असे तीन रकाने लिहावे लागतात आणि पोरं ते घोकतात. कन्नडमध्ये मनेयल्लि म्हणजे घरात, मनेगळल्लि म्हणजे घरांत. अल्लि जागचं हललंही नाही, मध्ये फक्त गळ् आलं. मनेयिंद, मनेगळिंद. मनेगे, मनेगळिगे. चार पुडांचा जेवणाचा डबा असतो तसं आहे हे, भाताचा पुडा भाताचा, आमटीचा आमटीचा, आणि मधला पुडा काढला तरी वरचा तसाच बसतो.

आता तुर्की बघा. एव् म्हणजे घर. एव्दे घरात, एव्लेर्दे घरांत. एव्देकि म्हणजे घरातला, एव्देकिलेर म्हणजे घरातले, एव्देकिलेरे म्हणजे घरातल्यांना. इथे मला दरवेळी थांबावंसं वाटतं, कारण आपलं 'घरातल्यांना' अगदी त्याच वाटेने बनतं. घर, मग सामान्यरूपाचा आ, मग 'त', मग 'ल', मग अनेकवचनाचा अनुस्वार, मग 'ना'. त्याला 'सुद्धा' आणि 'च'ही चिकटवता येतात. मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या घराण्यातली, तिच्यात विरघळलेली रूपं पुष्कळ आहेत, सामान्यरूप हेच त्यातलं एक. पण प्रत्ययावर प्रत्यय चढवत जाण्याची सवय आपल्या जिभेला लहानपणापासून असते. 'समोरच्यांच्यातल्याच' असं आपलं पोर बोलून जातं आणि कुणाला ते अवघड वाटत नाही. तेच पोर 'मनेगळल्लि' बघून घाबरतं, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हे तू रोज करतोस.

प्रत्यय मागेच लागतात असंही नाही. स्वाहिलीत पुढे लागतात. सोमा म्हणजे वाचणे. निलिसोमा मी वाचलं, निनासोमा मी वाचतोय, निटासोमा मी वाचेन. नि म्हणजे मी, आणि मधलं लि, ना, टा हे काळ सांगतं. दूर आफ्रिकेतली भाषा, पण रेघ मारायची रीत तीच.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. लांब शब्द दिसला की सगळंच प्रत्ययांचं काम, असं नसतं. सब-रजिस्ट्रार कचेरीची पाटी घ्या, 'उपनोंदणाधिकारिगळ कचेरि'. ही पाटी वाचता येत नाही म्हणून माणसं तिच्याखालीच उभी राहून मला विचारतात, 'नोंदणी कुठं करतात?' आणि नोंदणी हा शब्द तर पाटीतच लिहिलेला असतो. उप, नोंदणी, अधिकारी हे तीन शब्द जोडले आहेत, तो समास आणि संधी, शाळेत मराठीतही शिकवतात तोच. प्रत्ययाचं काम फक्त शेवटी आहे. गळ् म्हणजे अनेकवचन, आणि अ म्हणजे चा-ची-चे. अधिकारी एकच, तरी अनेकवचन, कारण ते आदराचं. आपणही 'जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय' म्हणतो तेव्हा अनुस्वार देऊन हेच करतो. उताऱ्यावरचं 'खातेदारर हेसरु' बघा. खाते आपलं, दार फारसी, र आणि अ कन्नड. तीन भाषांची माणसं एका शब्दात नांदतात आणि प्रत्येकाची हद्द स्पष्ट दिसते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो शब्द खरेदीखतातला आहे. मराठी खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष असतात. कन्नड खतात 'बरेदुकोडुववरु' आणि 'बरेसिकोळ्ळुववरु'. अडाणी डोळ्याला दोन्ही सारखेच, ब ने सुरू होणारे आणि वरु ने संपणारे लांबलचक शब्द. रेघा मारा. बरेदु म्हणजे लिहून. कोडु म्हणजे दे. व म्हणजे णारा. अवरु म्हणजे ते. लिहून देणारे, म्हणजे जमीन विकणारे. दुसऱ्यात बरे म्हणजे लिही, त्याला लागलेला सि हा इसुचाच अवतार, दुसऱ्याकडून करून घेण्याचा. कोळ्ळु म्हणजे घे. लिहवून घेणारे, म्हणजे जमीन विकत घेणारे. मराठी खतात 'लिहून घेणार' एवढंच असतं, कन्नडमध्ये त्या एका 'स'ने आणखी सांगितलं की खत याने दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. शिकणे-शिकवणे यात आपल्याकडे जो 'व' येतो तेच काम हा 'स' करतो. कन्नडमध्ये कलि म्हणजे शिक, कलिसु म्हणजे शिकव. कलिसुत्तेने मी शिकवते, कलिसुत्ताळे ती शिकवते, कलिसबेकु शिकवायला हवं. मूळ एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

माणसाने अंगठा उठवण्याआधी आपण देणाऱ्याच्या बाजूला आहोत की घेणाऱ्याच्या, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. त्याच्या वाडवडिलांची जमीन असते ती. आणि यासाठी अख्खी कन्नड यावी लागत नाही, कोडु आणि कोळ्ळु यांतला फरक यावा लागतो. नोटिशीतही तसंच. 'तकरारु अर्जिगळु बंदिरुत्तवे' म्हणजे तक्रारीचे अर्ज आलेले आहेत. 'तकरारु अर्जिगळु बंदिरुवुदिल्ल' म्हणजे आलेले नाहीत. पुढचं अर्धं सारखं, निकाल सगळा शेपटात. अवरिंद म्हणजे त्यांच्याकडून, अवरिगे म्हणजे त्यांना. जे पोर शब्दाचं तोंड बघून अंदाज बांधायला शिकलं, ते मोठेपणी अशा कागदाशी फसणारच. कन्नड शब्द शेवटाकडून वाचायला शिकवला पाहिजे.

शाळेत याच्या उलट चालतं. कन्नडच्या तासाला शब्दांच्या याद्या देतात, उजवीकडे अर्थ. मने घर, मनेयल्लि घरात, मनेगळल्लि घरांत, हे तीन वेगळे शब्द म्हणून तीन ओळींत. व्याकरण येतं ते संस्कृतच्या साच्यात, प्रथमा ते सप्तमी, वर एकवचन आणि बहुवचनाचे दोन रकाने, ज्यांची कन्नडला फारशी गरजच नाही. अन्नु, इंद, इगे, अ, अल्लि आणि अनेकवचनाचे गळ् व अर् एवढं भिंतीवर लावलं तर पाचवीचं पोर वर्षभरात निम्म्या पाट्या वाचेल. अडचणीच्या जागा नाहीत असं नाही. मर म्हणजे झाड, पण झाडात म्हणताना मरदल्लि होतं, मध्ये द येतो. पण झाडचं झाडा झाल्याशिवाय आपल्यालाही 'त' लावता येत नाही. एवढं एक वाक्य सांगितलं की मुलांना ते पटतं. अण्ण, तायि अशा नात्यांच्या शब्दांना अनेकवचनात अंदिरु लागतं, अण्णंदिरु, तायंदिरु. तेवढं पाठ करावं लागतं, करू दे.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त मनाला लागते. आमच्या मुलांच्या कानावर कन्नड पडत नाही असं नाही. बाजारात, शेतात, बसमध्ये पडते, पण ती बेळगाव-धारवाडकडची. पुस्तकात मनेयल्लि, बाजारात मन्याग. पुस्तकात इदे, बाजारात ऐति. 'मी येतो' म्हणायला पुस्तकात बरुत्तेने, बाजारात बर्तेनि. पोराला मन्याग येत असतं, ऊराग म्हणजे गावात हेही येत असतं, आणि ते वर्गात बोललं की चुकीचं म्हणून खाली बसवतात. मन्याग ही चूक नाही. मने आणि आग, 'घर' आणि 'त', तीही त्याच घडणीची, शेकडो वर्षं बोलली गेलेली भाषा. नवव्या शतकातल्या कविराजमार्ग या कन्नड ग्रंथात अस्सल कन्नडच्या मुलखाच्या खुणा म्हणून जी गावं सांगितली आहेत, त्यांतलं ओक्कुंद हे आपल्याच जिल्ह्यातलं. 'मन्याग येतं ना तुला? मग आगच्या जागी अल्लि ठेव' असं गुरुजींनी म्हटलं तर पोराला पायरी मिळते. आज त्याच्या पायाखालची पायरी काढून घेतली जाते आणि वर चढ म्हणून सांगितलं जातं.

आपल्या मराठीलाही असंच वागवलं जातं. पुण्याकडे कुणी 'मी काम केलो' ऐकलं की हसतात. प्रमाण मराठीत 'मी काम केलं', कारण क्रियापद कामाकडे बघतं. आमच्याकडे ते करणाऱ्याकडे बघतं, मी काम केलो, तो काम केला. कन्नडमध्ये नेमकं हेच आहे, नानु केलस माडिदे, क्रियापदाच्या शेपटात करणारा बसलेला असतो. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दोन भाषांनी एकमेकींची रीत उचलली, यात लाजण्यासारखं काय आहे? सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं अशीच शेजारी राहिली. तिथल्या बोलींचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो भाषाविज्ञानात जगभर शिकवला जातो. शब्द तिन्ही भाषांचे आपापले राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी जवळ आली की प्रत्ययाला प्रत्यय ठेवून एकीतून दुसरीत जाता येतं, असं त्यांना दिसलं. बेळगावातल्या मुलाला कन्नड शिकवताना ही अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. उलट बाजूने, कन्नड घरातली मुलं मराठी शिकताना अडखळतात ती तो दगड, ती वीट, ते घर इथे, कारण त्यांच्याकडे निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. कष्ट त्यांनाही आहेत.

काही वाचकांना वाटेल की ही बाई मराठी माणसाला कन्नड शिकायला सांगते, म्हणजे हक्क सोडायला सांगते. मी असं काही सांगत नाही. मराठी माणसाला सरकारी कागद मराठीतून मिळायला हवा, ही मागणी माझीही आहे आणि ती मी सोडणार नाही. पण २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने शाळेत कन्नड सक्तीची आहे, २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड आहे, आणि खरेदीखत उद्या सकाळी साडेअकराला नोंदवायचं आहे. मागणी मान्य होईपर्यंत जो कागद हातात आहे तो वाचता आला पाहिजे. हक्क मागणाऱ्याला तर आधी वाचता आला पाहिजे, कारण त्यात आपल्याविरुद्ध काय लिहिलंय ते त्याच कागदात असतं.

मराठी शाळांमधल्या कन्नडच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. त्यांच्याकडे तास कमी, पुस्तक जाड आणि वर्ग भरलेला, हे मला ठाऊक आहे. तरी वर्षाच्या सुरुवातीचे काही तास धडे बाजूला ठेवून मुलांना पेन्सिली द्याव्यात आणि पाट्यांवरचे, तिकिटांवरचे, घरच्या उताऱ्यावरचे शब्द कापायला लावावेत. मुलांनी घरचा उतारा आणला तर आजोबाही सोबत वाचायला बसतील. परीक्षेत एक तरी प्रश्न 'हा शब्द सोडवा' असा असावा. ज्या मुलीला गणित येतं, तिला हा प्रश्न सगळ्यांत आधी सुटेल.

आणि विनंती आपल्यालाही, संपादक महोदय. आठवड्यातून एकदा, कोपऱ्यात दोन बोटं जागा द्या. एक कन्नड शब्द, पाटीवरचा किंवा कागदावरचा, देवनागरीत आणि कन्नड लिपीत, रेघा मारून, खाली प्रत्येक तुकड्याचा अर्थ. शब्द मी पुरवीन, मानधन नको. पहिल्या महिन्याचे लिहूनच ठेवले आहेत, महिळेयरिगे, उपनोंदणाधिकारिगळ, बंदिरुवुदिल्ल आणि बरेसिकोळ्ळुववरु. कन्नडच्या एखाद्या जाणकार शिक्षकांनी ते तपासून द्यावेत, म्हणजे छापण्याआधी चूकभूल राहणार नाही. पत्र लिहिणाऱ्या त्या पालकांना माझा निरोप कळवावा. मुलीला सुट्टीच्या दिवशी घेऊन या, खानापुरात कुठल्याही बाँड रायटरला विचारलं तरी माझं टेबल दाखवतील.

कळावे,
आपली वाचक,
एक बाँड रायटर, खानापूर, जि. बेळगाव